आगबोटीवरील बिऱ्हाड

पैनगंगेचें पाणी पूर्वेस जातें. उमरखेडच्या दक्षिणेकडून, विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली सीमा आंखीत, सहस्रकुंडाच्या कातळावरून उडी घेऊन ती नदी पुढें वर्धेस मिळते; वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते; प्राणहिता गोदावरींत शिरते; आणि अशा रीतीनें उमरखेडच्या शेतांवर पडलेला पाऊस अखेर बंगालच्या उपसागरास जाऊन पोंचतो. परंतु उमरखेडच्या माणसास समुद्र पाहण्याची इच्छा झाली म्हणजे तो पाण्याची वाट सोडून उलट पश्चिमेकडे तोंड करितो. नांदेड गांठावें, तेथून गाडी धरावी आणि मुंबईस उतरावें, हा त्याचा क्रम. सडकेनें मोजल्यास हें अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक भरेल. १९०० च्या सुमारास मनमाडहून नांदेडवरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग झाला. त्यापूर्वीं पुसद-उमरखेडच्या माणसास बैलगाडीनें वऱ्हाडांतील लोहमार्गापर्यंत जाऊन मगच मुंबईची गाडी मिळे. माणसाच्या आधीं हा प्रवास कापसानें केला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस गेला. त्याची जागा ठरलेली होती. बोटीच्या पोटांत, गठ्ठ्यावर गठ्ठा. माणसाची जागा ठरविणें एवढें सोपें नव्हतें.

अलीकडे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवांतूनहि समुद्रपर्यटनाची हौस निघाली आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टींत चार दिवस बोटीवर काढावे, असें ठरतें. आणि मग नवरा, बायको व दोन मुलें मिळून एका कागदाभोंवतीं बसतात. त्या कागदावर बोटीचा नकाशा असतो, आणि त्यांतील शेंकडों चौकोनांपैकीं आपला चौकोन कोणता घ्यावा, हा प्रश्न असतो. आंतली खोली घ्यावी कीं खिडकीची? वरच्या मजल्यावरची कीं खालच्या? चौघांस मिळून एक कीं दोघांदोघांस दोन? प्रश्न क्षुल्लक दिसतो, परंतु त्यास दोनशें वर्षांहून अधिक इतिहास आहे. शिवाय चौघांचें कुटुंब ही कल्पनाच आपल्याकडे तशी नवी. वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांत ताटें मोजावयाचीं तर चौदा-पंधरा निघत. त्यांतल्या चौघांनींच उठून कोठें जावें, हें कोणास सुचलेंहि नसतें. बोटीवरील खोली मात्र पूर्वींपासून दोन किंवा चार माणसांचीच होत आली, कारण दोन भिंतींस वर-खालीं अशा दोन-दोन शय्या बसविल्या कीं जागा संपते. घरानें आपला आंकडा बोटीकडून उचलला कीं काय, अशी थट्टा करण्याचा मोह होतो.

आपल्या लोकांपैकीं विलायतेच्या वाटेवर प्रथम ज्यांना ही अडचण पडली, त्यांत रघुनाथरावांचे वकील येतात. पेशवाईच्या गादीसाठीं इंग्रजांचें साह्य मिळावें म्हणून राघोबादादांनीं हणमंतराव नांवाच्या ब्राह्मणास व त्याच्याबरोबर कांहीं मंडळींस इंग्लंडांत पाठविलें. हे लोक १७८१ सालीं लंडनमध्यें होते. जहाजावर आणि परक्या शहरांत सोंवळें कसें राखावें, या विवंचनेनें ते गांजले होते, आणि त्यांस आसरा मिळाला तो एडमंड बर्क याच्या घरीं. बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतील कांचघर त्यानें या अतिथींस मोकळें करून दिलें. तेथें ते स्वतःच्या हातानें रांधीत, स्नानसंध्या करीत व कोणाचा विटाळ होऊं देत नसत. पार्लमेंटांतील एवढा मोठा वक्ता, परंतु पाहुण्यास स्वतंत्र चूल लागते हें त्यास न सांगतां समजलें, ही गोष्ट मला त्याच्या कित्येक भाषणांपेक्षां मोठी वाटते. परत आल्यावर या वकिलांस सोन्याची योनि करवून तींतून बाहेर पडण्याचें प्रायश्चित्त घ्यावें लागलें, असें त्या काळच्या इंग्रज लेखकांनीं नोंदविलें आहे. समुद्रावरील खोलीचा प्रश्न आपल्याकडे असा चुलीपासून सुरू झाला. पुढें १९०२ सालीं जयपूरचे महाराज माधोसिंग राज्यारोहणाच्या समारंभास विलायतेस निघाले, तेव्हां त्यांनीं या प्रश्नाचें सर्वांत खर्चिक उत्तर काढलें. त्यांनीं ‘ऑलिंपिया’ नांवाची सबंध बोटच भाड्यानें घेतली, आणि चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल बरोबर नेलें. ज्यास सगळी बोट घेतां येते त्यास खोली निवडावी लागत नाहीं.

शिडाच्या जहाजांच्या काळीं खोली म्हणजे काय होतें, हें आजच्या माणसाच्या ध्यानांत येणें कठीण. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर उतारूला मिळे ती रिकामी जागा. तिची भिंत पुष्कळदां शिडाच्या कापडाची किंवा पातळ फळ्यांची असे. खाट, टेबल, खुर्ची, हात धुण्याचें भांडें हें सर्व उतारूनें आपलें आपण आणावयाचें, आणि प्रवास संपला म्हणजे विकून टाकावयाचें. शत्रूचें जहाज दिसलें तर तोफांना वाट करून देण्यासाठीं या भिंती खालीं उतरवीत, आणि मग रावसाहेबांची खोली व मडमेची खोली यांत कांहीं अंतर राहत नसे. सर्वांत महाग जागा पिछाडीस, वरच्या मजल्यावर. तेथें उजेड व वारा भरपूर. खालच्या मजल्यावर स्वस्त, परंतु तेथील झरोके समुद्र खवळला कीं दिवसेंदिवस बंद.

नंतर वाफेचीं यंत्रें आलीं. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही लहानशी आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून सुवेझकडे निघाली, आणि हिंदुस्थान व विलायत यांमधील टपालाच्या आगबोटींचा पायंडा तिनें पाडला. तिच्याविषयीं सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं, तिच्या पोटांत मावेल तेवढा कोळसा एडनपर्यंत पुरण्यासारखा नव्हता. म्हणून उतारूंच्या जागेंतहि कोळसाच भरला गेला. आगबोटींच्या इतिहासांत माणसाच्या खोलीवर पहिला हक्क असा यंत्राच्या पोटाचा ठरला. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला, मिसरांतील वाळवंट ओलांडण्याचा खटाटोप संपला, आणि मुंबईच्या बंदरांत चढलेला माणूस तीच शय्या न सोडतां विलायतेस उतरूं लागला. तेव्हांपासून कोणती खोली घ्यावी हा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला, कारण जेथें एकदां ट्रंक ठेविली तेथें आतां तीन आठवडे काढावयाचे होते.

१८८३ च्या एप्रिल महिन्यांत दोन महाराष्ट्रीय स्त्रिया वेगवेगळ्या बंदरांतून निघाल्या. आनंदीबाई जोशी, वय नुकतेंच अठरा पूर्ण झालेलें, ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ या आगबोटीनें अमेरिकेच्या वाटेस लागल्या. सोबत मिशनरी स्त्रिया, पति मागें राहिलेले. त्याच महिन्यांत पंडिता रमाबाई ‘बुखारा’ या आगबोटीनें मुंबईहून इंग्लंडास गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत. रमाबाईंनीं या प्रवासाचा वृत्तांत लिहिला आणि तो ‘इंग्लंडचा प्रवास’ या नांवानें त्याच सालीं छापून निघाला. या दोन निघण्यांकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. आपल्याकडे आगबोटीवर प्रथम एकटे पुरुष गेले, मग एकट्या स्त्रिया गेल्या. नवरा, बायको आणि मुलें असें सबंध कुटुंब मिळून जाण्याची पाळी बरीच उशिरां आली. एकट्या माणसास शय्या पुरते. रमाबाईंसारख्या मातेस तेवढ्यानें भागत नाहीं; तिला मुलीस निजवावयाची जागा, दूध तापविण्याची सोय, आणि रात्रीं मूल रडलें तर शेजारणीची समजूत काढण्याचें धैर्य, इतकें सगळें लागतें. खोलीचा प्रश्न अवघड होतो तो मुलापासून.

आतां बाजूचा प्रश्न घेऊं. बोटीच्या तोंडाकडे तोंड करून उभें राहिलें असतां डाव्या हातास येते ती एक बाजू व उजव्या हातास येते ती दुसरी. इंग्रजीमध्यें ऐटबाज या अर्थानें ‘पॉश’ असा शब्द रूढ आहे, आणि त्याची एक मौजेची व्युत्पत्ति सांगण्यांत येते. ती अशी कीं, हिंदुस्थानांत येतांना डाव्या बाजूची व परत जातांना उजव्या बाजूची खोली श्रीमंत लोक घेत, आणि पी. अँड ओ. कंपनी तिकिटावर तीं चार आद्याक्षरें छापी. असें एकहि तिकीट कोणास सांपडलेलें नाहीं, आणि शब्दाचा इतिहास शोधणारे पंडित ही कथा खरी मानीत नाहींत. परंतु व्युत्पत्ति खोटी असली तरी तिच्या मागचें ऊन खरें होतें. विलायतेहून येणारी बोट तांबड्या समुद्रांत दक्षिणेस व आग्नेयेस चालते. तेव्हां डावी बाजू पूर्वेस येते आणि दुपारनंतरचें भाजणारें ऊन उजव्या बाजूस पडतें. एडन सोडल्यावर बोट पूर्वेकडे वळते. तेव्हां डावी बाजू उत्तरेस, म्हणजे हिंवाळ्यांत सावलीस येते. म्हणून साहेबाला येतांना डावी बाजू सोयीची.

येथें आपण एक गोष्ट विसरतों, आणि इंग्रजी पुस्तकांतून ऐकलेलें शहाणपण जसेंच्या तसें बोलून दाखवितों. साहेबाचें जाणें तें आपलें येणें. मुंबईच्या धक्क्यावरून निघणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब उलटा आहे: जातांना उजवी बाजू थंड, परत येतांना डावी. पुण्याचा किंवा नागपूरचा एखादा बॅरिस्टर होऊं पाहणारा विद्यार्थी ही म्हण प्रमाण मानून डाव्या बाजूची शय्या घेता, तर तांबडा समुद्र संपेपर्यंत त्याची दुपार भट्टीजवळ बसल्यासारखी गेली असती.

या भट्टीवरचे उपाय नाना प्रकारचे होते. गोल खिडकींत पत्र्याचें अर्धें नळकांडें बाहेर काढून बसवीत, म्हणजे बोटीच्या वेगानें वारा अडून आंत वळे. रात्रीं उकाडा असह्य झाला कीं गाद्या वरच्या डेकवर नेत. स्त्रिया एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस. रंगूनला जाणाऱ्या बिबी कंपनीच्या आगबोटींवर एक चतुर युक्ति निघाली. दोन ओळींत खोल्या असल्या कीं आंतल्या ओळीस खिडकी मिळत नाहीं. त्यांनीं आंतल्या खोलीचीच एक अरुंद गल्ली बाहेरच्या खोलीशेजारून बोटीच्या कडेपर्यंत नेली आणि तिच्या टोकास खिडकी ठेविली. हातभर गल्ली, परंतु तिच्यांतून वारा आला. आपल्या चाळींत ज्यानें शेवटच्या खोलीस उजेड मिळावा म्हणून छपरांत एक कौल कांचेचें बसविलें असेल, त्यास या युक्तीचें मर्म लगेच कळेल. खोल्यांत यंत्रानें थंड केलेला वारा खेळूं लागल्यापासून या सर्व चातुर्याची गरज उरली नाहीं.

इंग्रज कुटुंबांच्या बोटीवरील वर्णनांत चार माणसें मोजलीं असलीं तरी खोलींत पुष्कळदां पांचवें माणूस असे. तें म्हणजे आया. मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून अशा शेंकडों बायका साहेबांचीं मुलें सांभाळीत विलायतेपर्यंत गेल्या. मडमेला बोट लागली कीं मुलांचें न्हाणेंधुणें, भरविणें, निजविणें सर्व आयेकडे. तिला शय्या मिळेलच असें नसे. मुलाच्या पायथ्याशीं जमिनीवर किंवा डेकवर पथारी टाकून ती रात्र काढी. लंडनांत उतरल्यावर तिची गरज संपे, आणि परतीचें तिकीट देण्याचें कित्येक मालकांच्या ध्यानांत राहत नसे. अशा अडकून पडलेल्या बायकांसाठीं लंडनमध्यें एक वसतिगृह होतें. १९०० सालीं तें हॅक्नी भागांतील किंग एडवर्ड रस्त्यावर आलें, आणि त्या घरावर २०२२ सालीं निळी स्मारकपट्टी लागली. ज्या बाईनें तीन आठवडे दुसऱ्याच्या मुलास समुद्रावर झोंपविलें तिचें नांव उतारूंच्या यादींत बहुधा ‘आया’ एवढेंच असे. कुटुंबासाठीं खोली निवडतांना आपण कोणास माणसांत धरितों, याचा निवाडा त्या यादींत नकळत झालेला आहे.

चौघांच्या कुटुंबाची जगांत सर्वांत दुःखद कथा म्हणावी ती ‘टायटॅनिक’वरील ॲलिसन कुटुंबाची. माँट्रियलचे हडसन ॲलिसन, पत्नी बेस, मुलगी लॉरेन दोन वर्षांची आणि ट्रेव्हर अकरा महिन्यांचा. संपत्तीची वाण नव्हती. पहिल्या वर्गांत, सी डेकवर, एकमेकींस लागून असलेल्या खोल्या त्यांनीं घेतल्या होत्या, आणि बरोबर नोकरमाणसें होतीं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं हिमनगाचा धक्का बसल्यावर दाई अॅलिस क्लीव्हर हिनें ट्रेव्हरला उचललें आणि ती एका होडींत चढली. आईबापांना हें कळलें नसावें, आणि तान्ह्या मुलास शोधण्यांत त्यांनीं आपला वेळ घालविला, असें मानण्यांत येतें. ट्रेव्हर वांचला. आई, बाप व लॉरेन तिघेंहि गेलीं. पहिल्या व दुसऱ्या वर्गांतील मुलांपैकीं प्राणास मुकलेली ती एकच. उलट तिसऱ्या वर्गांतील मुलांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश बुडालीं. तिसऱ्या वर्गाची मांडणीच अशी होती कीं, एकटे पुरुष बोटीच्या नाळेकडे आणि बायका व कुटुंबें पिछाडीकडे, खालच्या मजल्यांवर. होड्या मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या डेकवर. त्या होड्यांपर्यंत जाण्याची वाट पुष्कळांना ठाऊकच नव्हती. होड्या एकंदर वीस, जागा ११७८, आणि बोटीवर माणसें बावीसशेंच्या घरांत. १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें राष्ट्रांची परिषद भरून समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजहि बोटींस लागू आहेत. खोलीच्या दारामागें जो होडीचा व जमावयाच्या जागेचा नकाशा टांगलेला असतो, तो या मृत्यूंतून आलेला आहे. उतारू तो क्वचितच वाचतात.

विलायतेच्या या सर्व गोष्टी मूठभर लोकांच्या. महाराष्ट्रांतील सामान्य कुटुंबास आगबोट माहीत झाली ती कोंकणच्या किनाऱ्यावर, आणि तेथें खोली निवडण्याचा प्रश्न फारच थोड्यांस पडे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून, म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनीं १८६२ च्या सुमारास बांधलेल्या धक्क्यावरून, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशीं बंदरें घेत आगबोटी जात. पावसाळ्यांत हा प्रवास बंद. गिरणींतील चाकरमाना शिमग्याला किंवा मे महिन्यांत बायकोमुलांसह निघे, तिकीट डेकचें, आणि खोली म्हणजे वळकटी पसरून व चार बाजूंस ट्रंक, पेटारा, फणसाची नाहीं तर आंब्यांची करंडी ठेवून आंखलेला एक चौकोन. हा चौकोन निवडण्यांतहि शास्त्र होतें. यंत्राच्या भिंतीजवळ ऊब, परंतु तेलाचा वास. कठड्याजवळ वारा, परंतु लाटांचे तुषार आणि मुलें डोकावण्याची भीति. जिन्याखालीं आडोसा, पण रात्रभर पायांची रहदारी. अनुभवी माणसें म्हणून सर्वांच्या आधीं धांवत जाऊन मधल्या भागांतील जागा अडवीत. म्हातारीस तेथें बसवून मग सामान आणीत. उतरावयाचें बंदर आलें कीं बोट खोल पाण्यांत उभी राही, आणि लाटांवर वर-खालीं होणाऱ्या पडावांत मुलें हातोहात दिलीं जात. त्या डेकवर कुटुंब एकत्र राहत होतें खरें, परंतु भिंतीविना.

या डेकच्या प्रवासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, दीप अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ आगबोट रेवसला निघाली. सणाला घरीं जाणारे लोक तिच्यावर दाटीवाटीनें भरले होते. थोड्याच वेळांत वादळी लाटांनीं बोट कलली, भेदरलेले उतारू एका बाजूस लोटले, आणि ती उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तासा-दोन तासांच्या प्रवासास कोणी खोली घेत नाहीं, आणि घेतली असती तरी ती वांचविती असें नव्हे. परंतु बोटीवर माणूस कोठें बसतो याची मोजदाद कोणी ठेवीत नसलें म्हणजे काय होतें, तें रायगड-अलिबागच्या बाजूस अजून घरोघर सांगतात. स्वातंत्र्याच्या आधींचा एक महिना आपल्या इतिहासांत इतका गजबजलेला आहे कीं, ही एवढी मोठी दुर्घटना त्यांत कोपऱ्यांत पडली.

गोवा स्वतंत्र झाल्यावर मुंबई-पणजीच्या बोटींवर डेकच्या जोडीला खोल्याहि होत्या, आणि ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ति’ हीं नांवें त्या पिढीच्या तोंडीं होतीं. रस्ते सुधारले, तशी ही वाहतूक विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत क्षीण होत बंद पडली. पुढें १९९८ सालीं कोंकणचा लोहमार्ग संपूर्ण खुला झाला, आणि पोंचण्यासाठीं बोटींत बसण्याचें कारण उरलें नाहीं. यानंतर बोट परत आली ती निराळ्या रूपानें. २०१८ च्या ऑक्टोबरांत ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा अशी सुरू झाली. तिच्यावर अनेक प्रकारच्या खोल्या, अगदीं सामायिक शयनगृहापासून कुटुंबाच्या खोलीपर्यंत. ती फार काळ चालली नाहीं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघूं लागली. हें जहाज १९९० सालीं बांधलेलें, सुमारें २११ मीटर लांब, पूर्वीं अमेरिकेच्या बाजूस फिरलेलें. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा त्याच्या फेऱ्या. माणूस आतां कोठें पोंचण्यासाठीं चढत नाहीं. चढतो, हिंडतो आणि जेथून निघाला तेथेंच उतरतो. आमच्या आजोबांना हा व्यवहार समजावून देणें जड गेलें असतें.

अशा बोटीवर चौघांची खोली म्हणजे खालीं दोन शय्या आणि भिंतींतून किंवा छतांतून रात्रीं खालीं ओढावयाच्या आणखी दोन. रेल्वेच्या तीन मजली डब्यांत नांदेडहून मुंबईपर्यंत रात्र काढलेल्या उमरखेडच्या मुलांस ही रचना ओळखीची वाटेल. वरच्या शय्येवरून तंटाहि तोच होईल. आंतल्या खोलीचें क्षेत्रफळ शंभर-सव्वाशें चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या घरांतील देवघर व कोठीची खोली मिळून होईल तेवढें. तिसऱ्या व चौथ्या माणसाचें भाडें त्याच खोलींत बहुधा कमी लागतें, आणि पुष्कळ कुटुंबें एवढ्यावरच निर्णय करून मोकळीं होतात.

वास्तविक पहिला विचार हेलकाव्याचा करावा. बोट दोन प्रकारें हलते. एक, नाळ वर व पिछाडी खालीं आणि पुन्हां उलट, अशी; झोंपाळ्याची फळी मध्यावर टेकवून दोन्ही टोकांस मुलें बसलीं असतां ती हलते तशी. दुसरें, डाव्या-उजव्या अंगांवर झुलणें. पहिल्या हालचालींत मधला भाग सर्वांत स्थिर, टोकें सर्वांत अस्थिर. दुसऱ्या हालचालींत जितकें उंच जावें तितका झोंका लांब. म्हणून जें ज्ञान कोंकणांतील चाकरमान्यास डेकवर वळकटी पसरतांना होतें, तेंच आजहि खरें आहे: मध्यभाग आणि खालचा मजला. उंच मजल्यावरील सज्ज्याची खोली चित्रांत सुंदर दिसते आणि तिचें भाडें सर्वांत जास्त असतें. परंतु समुद्र किंचित् उसळला कीं त्या सज्ज्यांत बसून चहा पिण्याचें सुख मिळेलच, असें कोणी सांगूं शकत नाहीं. पैशाच्या क्रमानें खोल्या लाविल्या तर एक यादी होते, आणि स्वस्थतेच्या क्रमानें लाविल्या तर ती पुष्कळशी उलटी होते. नाळेजवळ नांगराच्या साखळीचा पहाटेचा गडगडाट, पिछाडीस पंख्याची थरथर, आणि स्वयंपाकघर किंवा नाचघराच्या खालीं खोली मिळाली तर मध्यरात्रीपर्यंत पायांचा तालच ऐकावा लागणार. नकाशावर स्वतःच्या मजल्याइतकाच वरचा व खालचा मजलाहि पाहावा, तो यासाठीं.

दुसरा विचार एक खोली कीं दोन. याविषयीं माझें मत स्पष्ट आहे. मुलें दहा-बारा वर्षांच्या आंतलीं असतील तर एकच खोली, कितीहि दाटी झाली तरी. दोन खोल्या घेऊन एकींत आई व एक मूल, दुसरींत बाप व दुसरें मूल, अशी वांटणी करणारीं कुटुंबें आहेत, आणि मधल्या दारानें जोडलेल्या खोल्या मिळाल्या तर ती सोयीचीहि होते. परंतु मधलें दार नसलेल्या, समोरासमोरच्या खोल्या देऊन ‘शेजारचीच आहे’ असें सांगण्यांत येतें, तेव्हां ॲलिसन दांपत्याची आठवण ठेवावी. मुलें मोठीं झालीं, विशेषतः मुलगी वयांत आली, म्हणजे दुसऱ्या खोलीचा खर्च चैन समजूं नये. स्नानगृह एकच आणि माणसें चार, यांतून सकाळीं जी रांग लागते, तिनें चार दिवसांच्या सहलींत एक सबंध दिवस खाल्ला जातो.

खिडकी घ्यावी कीं न घ्यावी? ज्यानें आयुष्यांत समुद्र पाहिला नाहीं, त्यानें घ्यावी, असें मी म्हणेन, आणि भाड्यांतला फरक दुसरीकडे काटावा. उमरखेडच्या मुलास पहाटे डोळे उघडल्याबरोबर काळें पाणी हळूहळू निळें होतांना दिसणें याची किंमत मुंबईच्या मुलास कळणार नाहीं. मात्र आंतल्या खोलींतील संपूर्ण अंधारांत दिवस उजाडल्याचें समजत नाहीं, आणि लहान मुलें त्यामुळें उशिरांपर्यंत निजतात, हा लाभ थकलेल्या आईस थोडा नव्हे. खिडकीची खोली घेतल्यास ती होड्यांच्या ओळीमागें तर नाहीं ना, हें विचारून घ्यावें. कित्येक बोटींवर खिडकीचें भाडें देऊन माणूस चार दिवस नारिंगी रंगाच्या होडीचें पोट पाहत बसतो.

आजी बरोबर असली म्हणजे चौघांचीं पांच होतात आणि वरील सर्व हिशेब मोडतो. तिला वरच्या शय्येची शिडी चढवत नाहीं; खालच्या दोन शय्या बहुधा एकमेकींस जोडून ठेविलेल्या असतात, त्या वेगळ्या करून देतात कीं नाहीं, हें आधीं लिहून घ्यावें लागतें; आणि उद्वाहकापासून खोली लांब पडली तर दोनदां जेवावयास जाणें हाच तिचा दिवस होतो. अशा वेळीं उद्वाहकाजवळची, मधल्या मजल्यावरची, खिडकी नसलेली साधी खोली आजी व एक नातवंड यांना द्यावी आणि तिच्या शेजारची दुसरी उरलेल्या तिघांनीं घ्यावी. तिकीट नोंदवितांना नांवांच्या यादींत आजीचें वय बरोबर घालावें.